नवऱ्याच्या फाइलवर काही न येता मुलीच्या शाळेतलं कुणाकडे बोलू? (अमेरिकन आर्मी कुटुंब)

दोन_वेण्या:

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा नवरा अमेरिकन आर्मीत स्टाफ सार्जंट आहे. कृष्णवर्णीय, मूळ घराणं मिसिसिपीचं. त्याचे आजोबा आणि वडील दोघंही फौजेत होते. मी मराठी. लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. सध्या टेक्सासमध्ये आहोत. तळाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

दर रविवारी संध्याकाळी मी लेकीच्या वेण्या घालते. तिचे केस बाबावर गेलेत, दाट आणि बारीक कुरळे. सुरुवातीला मी माझ्या आईसारखी तेल चोपडून कोरडेच विंचरायला बसायची आणि पोर किंचाळायची. मग सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवलं: केस आधी ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, गुंता बोटांनी सोडवायचा, टोकाकडून वर वर यायचं, फणी सगळ्यात शेवटी आणि तीसुद्धा रुंद दातांची. रात्री सॅटिनची टोपी. अडीच तास लागतात. त्या अडीच तासांत ती मला आठवडाभराचं सगळं सांगते.

तीन आठवड्यांपूर्वी शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. मुलीचे केस ‘नीटनेटके’ करून पाठवा, वर्गात इतरांचं लक्ष विचलित होतं. त्याच आठवड्यात स्कूलबसमध्ये एक मुलगा तिला झाडू म्हणाला. हे तिनं मला सांगितलंच नाही. शुक्रवारी मी तिचं पेन्सिलचं पाऊच साफ करायला घेतलं तर आत एक कापलेली वेणी. टोकाला दोन पिवळे मणी तसेच. कागद कापायच्या छोट्या कात्रीनं तिनं ती मानेमागून कापली होती. बाकीच्या वेण्यांत दिसू नये म्हणून असेल.

नवऱ्याला दाखवली. तो बराच वेळ ती हातात धरून बसला आणि मग म्हणाला, आत्ता नको. काही महिन्यांत त्याचं नाव प्रमोशन बोर्डापुढे जाणार आहे. ‘कटकट करणारं घर’ असा शिक्का नको, असं त्याला वाटतं. दाढीमुळे तो आधीच नजरेत आहे.

दाढीचं इथं सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. कुरळा केस वस्तऱ्यानं कापला की त्याचं टोक परत कातडीत शिरतं, फोड येतात, पिकतात. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये हे फार आढळतं. पूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी असली (फौजेत तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात) की थोडी दाढी ठेवून निभायचं. २०२५ मध्ये आर्मीनं नियम कडक केले. २४ महिन्यांत मिळून १२ महिन्यांपेक्षा जास्त सूट लागली तर सेवेतून काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून हा आता रोज गुळगुळीत करतो. पहाटे साडेचारला बाथरूमचा दिवा लागतो. गरम टॉवेल, एका पात्याचा रेझर, दीडेक इंच झालं की थांबायचं, पुन्हा टॉवेल. टी-शर्टच्या गळ्यावर रक्ताचे ठिपके असतात, ते मी थंड पाण्यात भिजवते, कारण गरम पाण्यानं डाग बसतो. नियम सगळ्यांना एकच, त्यात रंगाचा उल्लेखही नाही. पण आमच्या भिंतीपलीकडचा सार्जंट पाच मिनिटांत दाढी उरकून कॉफी प्यायला बसतो.

युनिटच्या कुटुंबांच्या ग्रुपमध्ये मी एका मैत्रिणीजवळ केसांचं बोलले. ती म्हणाली, ‘तू फार मनाला लावून घेतेस.’ बाई वाईट नाही हो. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात नवरा पोलंडला होता, तेव्हा हिनंच आठवडाभर रात्रीचं जेवण दारात आणून दिलं. म्हणूनच जास्त लागलं.

आता विचारायचं ते हे. नवऱ्याच्या फाइलवर काही न येता मी कुणाशी बोलू शकते? आणि उन्हाळ्यात बदली आहे. पसंतीक्रमात चार जागा दिसतायत: जर्मनीत ग्राफेनवोर-विल्सेक, लुईझियानात पोल्क, न्यू यॉर्क राज्यात ड्रम, वॉशिंग्टन राज्यात लुईस-मॅकॉर्ड. बाकीच्या बायका हवा आणि घरं बघतात. मी बघते की या गावात रात्री नवरा एकटा गाडी चालवत आला तर मला झोप लागेल का. तुम्ही कसं ठरवता?

माई_नॉरफोक:

अगं, वाचून पोटात कालवलं. आधी लेकीचं. तिला कापल्याबद्दल रागावू नकोस. रागावली नसशीलच, तरी लिहिते.

माझे हे नेव्हीत २२ वर्षं होते, आता निवृत्त. तुझ्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. तळावर ‘मिलिटरी अँड फॅमिली लाइफ काउन्सेलर’ असतात, सगळे ‘एम्फ्लॅक’ म्हणतात. फुकट. ते भेटीची लेखी नोंद ठेवत नाहीत, आणि ऑफिसातच भेटलं पाहिजे असंही नाही. मी माझ्या काउन्सेलरला लायब्ररीच्या मागच्या बाकावर भेटायचे. जिवाला धोका, मुलांवर किंवा घरात अत्याचार, असं काही असेल तर मात्र त्यांना कळवावंच लागतं. मिलिटरी वनसोर्सला, म्हणजे फौजी कुटुंबांसाठीच्या मदतसेवेला, फोन केलास तर प्रत्येक प्रश्नासाठी माणशी १२ भेटींपर्यंत फुकट मिळतात, फोनवर किंवा व्हिडिओवरसुद्धा. लेकीसाठी पुढे थेरपिस्ट हवी असेल तर ट्रायकेअरच्या (फौजेच्या आरोग्य विम्याच्या) नेटवर्कमधल्या थेरपिस्टकडे कुटुंबातल्या माणसाला रेफरलशिवाय जाता येतं.

तिसरा माणूस चॅप्लेन, म्हणजे फौजेतला धर्मगुरू. त्याच्याशी बोललेलं त्याच्यापाशीच राहतं, कमांडरलाही तो सांगू शकत नाही. आपला धर्म वेगळा म्हणून मी पाच वर्षं त्या दारात गेले नाही, चूक केली. २०११ मध्ये प्रतिमा धर्म या आर्मीच्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या तेव्हा मला कळलं की तो दरवाजा आपल्यालाही आहे. बाकीच्या चॅप्लेननाही कुठल्याही धर्माच्या माणसाचं ऐकायचं असतंच.

बदलीबद्दल माझं मत वेगळं आहे. गाव कसं आहे ते बघशीलच, पण तिथं तुझं कोण असेल ते आधी बघ. माझी शेजारीण फिलिपिनो. तिचे वडील १९६०च्या दशकात फिलिपिन्समधूनच थेट अमेरिकन नेव्हीत भरती झाले. तेव्हा त्या मुलांना एकच काम मिळायचं, स्टुअर्डचं. अधिकाऱ्यांना वाढायचं, त्यांचे बूट-कपडे बघायचे. कॉलेज शिकलेलेसुद्धा त्यातच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाकीची कामं खुली झाली. तिची आई सांगायची, जहाज निघून गेलं की आम्ही सगळ्या एका घरी पोरं झोपवायचो. आज नॉरफोक आणि व्हर्जिनिया बीचला त्यांची केवढी वस्ती आहे. हे समुद्रावर असताना माझा मुलगा तापानं फणफणला होता, तेव्हा मध्यरात्री गाडी घेऊन तीच आली. ज्या घराला अशी माणसं असतात ते घर टिकतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फौजेत आपण मराठी इतके विखुरलेले की आपल्याला ते शोधावं लागतं. तुला दोन दारं आहेत गं, नवऱ्याकडच्या बायकांचंही दार वाजव.

पलटण_२०१४:

वहिनी, मी स्वतः आर्मीत आहे. ग्रीन कार्डावर आलो, २०१४ ला भरती झालो, बेसिक ट्रेनिंगच्या शेवटीच नागरिकत्वाची शपथ घेतली. थोडं कामाचं लिहितो.

दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही दोघं एकत्र करताय असं वाटतं. टेक्सासमधली शाळा आर्मीची नाही, ती तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टची. त्यामुळे शाळेबद्दलची तक्रार सार्जंटसाहेबांच्या चेन ऑफ कमांडमधून जातच नाही. तुम्ही आई आहात, तुमची एकटीची सही पुरते. त्यांच्या फर्स्ट सार्जंटला कळायचं कारण नाही.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून क्राउन कायदा लागू आहे. केसांचा पोत किंवा वंशाशी जोडलेली केशरचना, म्हणजे वेण्या, ट्विस्ट, लॉक्स, यावरून शाळेला भेदभाव करता येत नाही. बाईंना भांडणाचा सूर न लावता ईमेल करा: ड्रेस कोडच्या कोणत्या नियमानुसार चिठ्ठी पाठवली ते लेखी कळवा. एवढंच. बसमधल्या मुलाचं वेगळ्या ईमेलमध्ये लिहा, तारीख-वार घालून. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. वेणीचाही. तळावर ‘स्कूल लिएझन’ असतो, फौजी कुटुंबं आणि शाळा यांच्यातला दुवा, त्याचं कामच हे, पहिल्या बैठकीला त्याला सोबत न्या. तरीही शाळेनं कान झाकले तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करता येते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उद्या युनिटमध्येच कुणी काही बोललं तर तो मार्ग वेगळा, इक्वल ऑपॉर्च्युनिटीचा (फौजेतली भेदभावाविरुद्धची तक्रार व्यवस्था). औपचारिक तक्रारीला ६० दिवसांची मुदत असते. त्याआधी अनौपचारिकही मिटवता येतं. सूड उगवायला नियमानं बंदी आहे, पण बंदी असते म्हणून सूड उगवला जात नाही असं मी सांगणार नाही. साहेबांची भीती खोटी नाही.

दाढीचं: त्यांना त्वचारोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्यायला लावा आणि लेझरबद्दल विचारायला सांगा. प्रत्येक भेटीची नोंद वैद्यकीय फाइलमध्ये होऊ द्या. रक्त काढून गप्प राहणाऱ्या माणसाच्या बाजूनं कागद काहीच बोलत नाही. माझ्या प्लाटूनमधल्या एकानं दोन वर्षं असंच रेटलं आणि शेवटी त्याच्याकडे दाखवायला एकही नोंद नव्हती.

बदली: मी विल्सेकला होतो, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे. तिथं संरक्षण खात्याच्या स्वतःच्या शाळा आहेत, ‘डोडिया’च्या. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत या शाळा चौथी आणि आठवीला वाचन-गणितात देशात पहिल्या आल्या, आणि तिथल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे आठवीच्या वाचनाचे गुण देशभरातल्या गोऱ्या मुलांच्या सरासरीच्याही वर होते. वर्गातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी नोकरीत, डोक्यावर छप्पर, दवाखाना, आणि दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येक मूल कुठं तरी ‘नवीन’ असतं. माझ्या मुलाला तिथं कुणी ‘तू कुठला’ असं विचारलं की त्याचा अर्थ ‘याआधी कुठल्या तळावर होतास’ एवढाच असायचा. अमेरिकेतही काही तळांवर या शाळा आहेत, कॅम्पबेल, ब्रॅग, स्टुअर्ट वगैरे, पण तिथं सहसा तळावरच राहावं लागतं. टेक्सासमध्ये एकही नाही. जर्मनीला जायचं तर मुलांची वैद्यकीय तपासणी आणि कमांड स्पॉन्सरशिप (कुटुंबाला सोबत नेण्याची फौजेची मंजुरी) लागते, आधीपासून मागे लागा. तुमचं अजून ग्रीन कार्डच असेल तर परदेशी पोस्टिंगवर नागरिकत्वाची तीन वर्षांची अट सुटते, तेही बघून ठेवा.

लुईस-मॅकॉर्डबद्दल एक. पहिल्या महायुद्धात तिथं, तेव्हाच्या कॅम्प लुईसमध्ये, भगतसिंग थिंद पगडी घालून अमेरिकन सैनिक म्हणून राहिले. पुढे १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना ‘गोरे नाहीत’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. जुन्या सैनिकांसाठी १९३५ ला वेगळा कायदा झाला, त्यानंतर १९३६ मध्ये ते नागरिक झाले. शपथ घेताना माझ्या डोक्यात तेच होते.

सरळ_प्रश्न:

भांडायला लिहीत नाही, समजून घ्यायचंय. फौजेत पगार रँकवर, घरभाडं रँकवर आणि पिनकोडवर, दवाखाना फुकट. बाहेरच्या कुठल्याही नोकरीपेक्षा समानता जास्त. मग कुटुंबाच्या सुखदुःखात वंशाचा फरक येतो कुठून? शाळेतलं वाईट झालं, पण ते आर्मीबाहेरचं.

दोन_वेण्या:

सरळ_प्रश्न, प्रश्न योग्य आहे. माझ्या माहेरीही हाच विचारतात.

पगार सारखा आहे हे खरं, आणि त्याचा फरक पडतो हेही खरं. अमेरिकेत एरवी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांच्या लग्नाच्या प्रमाणात मोठी तफावत आहे. फौजेतल्या लोकांचा अभ्यास झाला तेव्हा ती जवळपास दिसलीच नाही. कायमची नोकरी, घर, डॉक्टर मिळालं की माणसं संसार करतात. माझा संसार त्याच जोरावर उभा आहे.

पण सारखा पगार सारख्या घरात येत नाही. माझ्या नवऱ्याचे आजोबा १९४४ मध्ये फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्स्प्रेस’वर ट्रक चालवायचे. आघाडीला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवायचा, रात्री दिवे झाकून. बहुतेक ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते, पलटणी वेगळ्या. ट्रूमननी भेदभाव संपवायचा आदेश काढला तो २६ जुलै १९४८ ला. आजोबा तोवर घरी परतले होते. परत आलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज होतं. कायद्यात रंगाचा शब्द नव्हता, पण कर्ज द्यायचं गावातल्या बँकेनं. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांत घर, धंदा आणि शेती मिळून अशा हमीची ३,२०० हून जास्त कर्जं दिली गेली, त्यातली कृष्णवर्णीयांना फक्त २. आजोबा त्या दोघांत नव्हते. ते आयुष्यभर भाड्यानं राहिले.

आमच्या भिंतीपलीकडचा सार्जंट, तोच रँक, तेवढीच वर्षं नोकरी. त्याचे आजोबाही त्याच युद्धातले, त्यांना कर्ज मिळालं, ते घर विकून आलेल्या पैशातून नातवाला पहिल्या घरासाठी मदत झाली. हे त्यानंच आम्हाला अंगणात बसून सांगितलं, भला माणूस आहे. आमच्या पगारातून दर महिन्याला सासूसासऱ्यांच्या घरभाड्याचे पैसे जातात. १ तारखेला दोन्ही घरांत एकच रक्कम येते, १० तारखेला सारखी नसते.

आणि ‘आर्मीबाहेरचं’ म्हणालात. फौजेच्या कुटुंबाला बाहेर निवडता येत नाही हो, ऑर्डर येते तिथं जायचं. एरवी माणूस विचार करून गाव निवडतो, नाही पटलं तर सोडतो.

पोल्कचं सांगते. तळाचं जुनं नाव गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या जनरलचं, ते बदलून २०२३ मध्ये त्याला विल्यम हेन्री जॉन्सन यांचं नाव दिलं. पहिल्या महायुद्धातले कृष्णवर्णीय सार्जंट, मेडल ऑफ ऑनर मिळालं ते मरणोत्तर, २०१५ मध्ये. माझे सासरे तरुणपणी त्याच तळावर होते. गुडघे दुखत असताना सहा तास गाडीत बसून गेले आणि नव्या पाटीपाशी टोपी काढून फोटो काढून घेतला. २०२५ मध्ये नाव परत पोल्क झालं. फोटो त्यांच्या फ्रिजवर तसाच आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

सरळ_प्रश्न:

कर्जाचं माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं झालं. लेकीला सांभाळा.

दोन_वेण्या:

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले. माई, पलटणभाऊ, तुम्ही सांगितलं ते बरंचसं केलं.

एम्फ्लॅकच्या बाई मला खेळाच्या मैदानावर भेटल्या, मुलगा घसरगुंडीवर असताना. पहिल्या भेटीत मी फक्त रडले. दुसऱ्या भेटीला नवरा आपणहून आला, पण जवळ आला नाही, गाडीपाशी उभा राहिला. तिसऱ्या वेळी बाकावर बसला.

शाळेला ईमेल केला. कोणता नियम, या प्रश्नाला उत्तर आलं नाही, मुख्याध्यापिकेकडून भेटीचं बोलावणं आलं. स्कूल लिएझन सोबत होती. वेणी मी नेली होती, पण पर्समधून काढली नाही. मणी बोटांत धरून बसले. चिठ्ठी मागे घेतली, तसं लेखी दिलं. बाईंनी माफी मागितली का, तर नाही. बसमधल्या मुलाची जागा बदलली. माझ्या मनासारखं झालं असं नाही म्हणणार, पण लेक आता बसनं जाते.

नवऱ्यानं त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, पुढच्या महिन्यात आहे. पहाटेचा दिवा अजून लागतोच.

आणि माई, तुमचं ऐकून नवऱ्याच्या जुन्या युनिटमधल्या एकाच्या बायकोला फोन केला. सात वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, मी वाटच बघत होते. रविवारी ती तिच्या दोन मुली घेऊन आली, आम्ही एका ओळीत तिघींना बसवून वेण्या घातल्या. कापलेल्या जागी कसं झाकायचं ते तिनं दाखवलं, मला ते कधी सुचलं नसतं.

पसंतीक्रम भरला. विल्सेक पहिलं, लुईस-मॅकॉर्ड दुसरं, ड्रम, मग पोल्क. पोल्क शेवटी टाकताना सासऱ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पोरीची शाळा बघ.

आता लेकीचा प्रश्न, तिनंच इथं विचारायला सांगितलाय. विल्सेकच्या आसपास तिच्यासारख्या केसांच्या वेण्या घालून देणारं कुणी आहे का? पिवळे मणी तिथं मिळतात की इथूनच न्यायचे?